अर्धा ठोका मागे

बसा रे, बसा. जनरेटरवाल्याला यायला अजून तासभर आहे, तोवर तुमचे बॉक्स काही उडून जात नाहीत. नाथा, तो हेडफोन आधी गळ्यातून काढ. काढ म्हणतो ना! आणि ती टॉर्च माझ्या तोंडावर मारू नकोस, मी काय नवरदेव आहे?

तुमचं बरं आहे. लॅपटॉपवर दोन रेघा दिसतात, कळ दाबली की एक गाणं दुसऱ्यात आपोआप मिसळतं, आणि तुम्ही हात वर करून नाचायला मोकळे. चंदू हे हाताने शिकलेला. दोन कॅसेट डेक, एक मिक्सर आणि एक टेस्टर, बस्स. शिकता शिकता त्याच्या हातून काय झालं ते आज सांगतो. चंदू माझ्या ओळखीचा. आजही जिवंत आहे, खडवलीला असतो. खोटं वाटलं तर जाऊन विचारा. तो सांगणार नाही ही गोष्ट वेगळी.

१९९२ सालचा माघ. मी तेव्हा मानपाडा रोडला सहदेवच्या साउंडवर कामाला होतो. बॉक्स उचलायचे, वायरी ओढायच्या, फ्यूज उडाला की शिव्या खायच्या. एक दिवस दुपारी सहदेव म्हणाला, "देवराम, हा माईक घे आणि रेतीबंदरला चंदूकडे पोचव. त्याला कुठल्यातरी म्हातारीचं गाणं भरायचंय. आपटू नकोस, तुझ्या पगारापेक्षा महाग आहे." मी सायकलवर टांग मारली. फाटक ओलांडून पश्चिमेला गेलो, खाडीच्या अंगाला कोळ्यांची घरं आहेत तिथे. ऊन उतरलेलं, अंगणात सुकट वाळत घातलेली, बाया मांजरं हाकलत बसलेल्या. सगळं कसं रोजच्यासारखं होतं.

चंदू एकोणीस वर्षांचा. बाप भिवाजी दोन वर्षांपूर्वी वारलेला. घरात आई मनुबाई आणि धाकटी बहीण हेमा. हेमाचं लग्न ठरलेलं, शहाडला द्यायची होती. चंदूचं जाळ्यात मन नव्हतं, त्याला गाणी वाजवायची होती. सहदेवने मुंबईत कुठल्यातरी हॉटेलात एक माणूस दोन मशीनवर गाणी न थांबवता वाजवताना बघितलेला. तेच आपल्याकडे हळदीला आणायचं असं त्याने मनात घेतलं आणि चंदूला हाताशी धरलं.

शिकवायची पद्धत ऐका. डेकमधल्या मोटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं. त्यात टेस्टर घालून स्क्रू फिरवला की मोटर हळू नाहीतर जोरात चालते. एक गाणं बाहेर वाजतंय. दुसरं फक्त तुझ्या हेडफोनमध्ये, डाव्या कानात. उजवा कान मांडवात, डावा कान आत. दोन्हीचे ठोके एकावर एक बसले की मग मिक्सरवरचा दुसऱ्या गाण्याच्या आवाजाचा दांडा वर चढवायचा. जरा मागेपुढे झालं की बाहेर दोन ढोल पडतात आणि नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. असं झालं की सहदेव पोराच्या बोटांवर वायर मारायचा. साधी नाही, स्पीकरची जाड वायर. "नाचणाऱ्याचा पाय हवेत राहता कामा नये," एवढंच बोलायचा आणि मारायचा. मला वाईट वाटायचं. पण मी कधी मधे पडलो नाही, हेही सांगून टाकतो. आठ महिने पोराने सुजलेल्या बोटांनी काढले आणि त्याचा कान असा तयार झाला, की लांब कुणी धुणं आपटत असेल तरी हा ठोके मोजायचा.

आणि ती म्हातारी म्हणजे जनाबाई. धवलारीण. आता तुमच्यातल्या अर्ध्यांना धवलारीण माहीत नसेल. आमच्या लग्नात विधी गाऊन लावणारी बाई. मंत्र नाहीत, पोथी नाही, सगळं तिच्या तोंडात. हळदीच्या दिवशी ती आधी आवतान गायची. त्या घरात होऊन गेलेले जे कोणी असतील, आजे, पणजे, बाप, त्यांना हळदीला बोलवायची. आणि पहाटे निरोप गायची. आलेल्यांना परत धाडायची. वाजंत्री नाही, काही नाही. एका हाताने जमिनीवर थाप द्यायची आणि गायची, पण थाप अशी की घड्याळ लावावं.

चंदूला ती थापच हवी होती. मी माईक दिला, एका घरी तिचं गाणं चाललेलं, त्याने टेप चालू केला. साठची कॅसेट, एक बाजू अर्ध्या तासाची. आवतान संपलं आणि कॅसेट पण संपली. दुसऱ्या बाजूला कुठल्यातरी पिक्चरची गाणी होती, ती त्याला पुसायची नव्हती.

जनाबाई हसून म्हणाली, "पोरा, तुनी आवतान घेतलास, निरोप नाय घेतलास. अर्धा नको नेऊ. पाटं ये, निरोप पन घे, मंग काय ता वाजव."

"उद्या येतो, आये."

"बोलावलेल्या मानसाला परत धाडाला लागतं रे. नाय धाडला, त घरचे मानसाच्या हातचा पयला निरोप ज्याला मिलंल, त्याचे मागून ते निंगतात. मंग त्याचा काय खरा नाय."

हे तिने माझ्यासमोर सांगितलं. आमच्या घरांतून ते सगळ्यांना माहीत होतं. पाहुणे न सांगता सटकले तर चालतं. पण मांडवाच्या दारात उभं राहून, कपाळाला हळद लावून, घरच्या माणसाने दिलेला निरोप मोजला जातो. म्हणून हळदीच्या रात्री धवलारणीने निरोप गाईपर्यंत कुणालाही तसा निरोप देत नसत. चंदूने मान डोलवली. उद्या म्हणाला, मग परवा म्हणाला. गेला नाही तो नाहीच.

घरी बसून त्याने त्या आवतानातल्या दोन ओळी घेतल्या.

या रे या, घराचे मोठे या,
मांडवान पाट मांडिला, बसाया या...

पॉजच्या बटणावर बोट ठेवून त्याच दोन ओळी चाळीस वेळा एकामागून एक भरल्या आणि खाली इंग्रजी ढोल घातला. मूळ कॅसेटवर नंतर दुसरंच काहीतरी भरलं. आणि चाललं रे ते! रेतीबंदरपासून शहाडपर्यंत प्रत्येक हळदीला पोरं ओरडायची, "म्हातारी लाव, म्हातारी!" चाळीस वेळा आवतान. घरोघरचे मेलेले चाळीस-चाळीस वेळा उठवायचे आणि पोरांनी त्यावर शिट्ट्या मारायच्या. तरी कुठे काही झालं नाही. कारण पहाटे कुणी ऐको न ऐको, जनाबाई निरोप गायची.

फाल्गुनातली एक हळद मी विसरत नाही. जनाबाई मांडवात बसून गात होती. पोरांना नाचायचं होतं, ती "म्हातारी, म्हातारी" करून बोंबलत होती. सहदेव चंदूला म्हणाला, "चढव."

"भाऊ, ती गातेय अजून."

"चढव म्हणतो ना!"

आणि चंदूने दांडा वर चढवला. तिचाच आवाज, बारा बॉक्समधून, तिच्या अंगावर. थोडा वेळ तिचे ओठ हलत राहिले. मग थांबले. तिने एकदा स्टेजकडे बघितलं, लुगडं सावरलं आणि उठली. पोरं हसत होती. एकाने तिच्यासारखी जमिनीवर थाप मारून दाखवली, त्याला टाळ्या पडल्या. पहाटे मी मागच्या अंगणात वायर गुंडाळायला गेलो, तर ही खाडीकडे तोंड करून एकटीच निरोप गात बसलेली. ऐकायला कोणी नाही. शेवटपर्यंत गायली, मगच घरी गेली.

त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. टेप होता ना. तरी कुठे हळद असली की पहाटे ती खाडीवर बसून निरोप गायचीच. चैत्रात ती वारली. तिच्याकडून निरोप शिकलेलं गावात एक माणूस नव्हतं.

आणि तिच्यानंतर गावात पहिली हळद लागली ती हेमाची.

शुक्रवार, २२ मे १९९२. चंदूने पहिल्यांदा एकट्याने वाजवायची रात्र. सहदेवने सगळा साउंड दिला, मी मदतीला, आणि सहदेव स्वतः पाहुणा म्हणून खुर्चीवर. मनुबाई घामाघूम होऊन धावत होती. हेमा हळदीने पिवळीधम्मक, पाटावर बसून भावाकडे बघून हसत होती. बापाच्या मागे त्यानेच तिला सांभाळलेली, तिच्या शाळेच्या वेण्यासुद्धा तो घालायचा म्हणे. आता पुढचं मी बघितलेलं थोडं आहे. बाकीचं मला चंदूने श्रावणात सांगितलं, एका बैठकीत, माझ्याकडे न बघता.

अकरा वाजेपर्यंत त्याने सोनं वाजवलं. "म्हातारी" पण वाजवली, दोनदा. एक ठोका चुकला नाही.

अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली. बाहेर एक गाणं चालू होतं. त्याने दुसऱ्या डेकमध्ये पुढची कॅसेट घातली, पिक्चरच्या गाण्याची. हेडफोनचा डावा कान लावला.

या रे या, घराचे मोठे या...

त्याला वाटलं कॅसेट चुकली. बाहेर काढून बघितली. बरोबर होती. पुन्हा घातली.

मांडवान पाट मांडिला, बसाया या... दामाजी या... भिवाजी या...

चंदूचा हात थांबला. दामाजी त्याचा आजा. भिवाजी बाप. ही नावं त्याने कधी भरलीच नव्हती. ते रेकॉर्डिंग दुसऱ्याच घरचं होतं.

त्याने कॅसेट बदलली. तिसरी घातली. कोरी घातली. डाव्या कानात जनाबाई. बाहेर मात्र गाणं मजेत चाललेलं, कुणाला काही पत्ता नाही. दांडा खाली होता ना. जे काय चाललेलं ते फक्त त्याच्या कानात.

मग त्याला दुसरी गोष्ट जाणवली.

पाय...

मांडवात साठ-सत्तर जण नाचत होते. त्यांचे पाय ठोक्यावर पडत होते. आणि त्या पायांच्या मागून अजून काही पाय पडत होते. अर्धा ठोका उशिरा. आधी त्याला वाटलं आपलं मिक्सिंग सरकलं. सवयीने टेस्टर उचलला, मोटरला लावला, स्क्रू फिरवायला गेला... आणि थांबला.

बाहेर एकच डेक चालू होता. सरकायला दुसरं गाणंच नव्हतं.

त्याने मांडवाच्या मागच्या टोकाला बघितलं. तिथे लाइट नव्हता. माणसं नव्हती. केळीचे खांब होते, आणि जमिनीवरून धूळ उठत होती. ठोक्याच्या जरा मागून, ठोक्याच्या जरा मागून. सात-आठ जणांची. त्यातला एक पाय घासून पडत होता.

भिवाजीचा डावा पाय तसाच पडायचा. होडीवर मोडलेला.

बाप होता रे त्याचा. पण पोराच्या अंगावर काटा आला, माया आली नाही. तीन महिने हाका मारमारून दमवलेली माणसं ती. पाट नाही, पान नाही, निरोप नाही.

डाव्या कानात जनाबाई थांबली. थाप पण थांबली. नुसता श्वास...

मग ती म्हणाली, "आयले सगले. आथा निरोप कोनाला?"

चंदूने हेडफोन फेकला. तरी डाव्या कानात तेच. "निरोप कोनाला?"

त्याने हाताने मनुबाईला बोलावलं. ती स्टेजजवळ आली. गाणं थांबवायची हिंमत नव्हती, वाकून तिच्या कानात ओरडला, "आये, निरोप कोनाला येतो? पाटंचा निरोप!"

"जनाबायशिवाय कोनाला येतो?" ती म्हणाली. "आथा कशाला पायजे? उद्या चार वाजता हेमाला निरोप दियाचा, तवा बघू." आणि गेली.

उद्या चार वाजता. मांडवाच्या दारात. कपाळाला हळद लावून. त्या मांडवातला पहिला निरोप हेमाचा होता.

म्हणजे ते तिच्या मागून जाणार. शहाडला. तिच्या नव्या घरात. तिच्या अंथरुणापर्यंत...

चंदूने हेमाकडे बघितलं. ती मैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगून हसत होती. आणि मग त्याने काय केलं माहीत आहे? तो मांडवातली माणसं बघायला लागला. एकेक करून. बाजारात मासळी बघतात ना, तशी. तिच्याआधी कुणाला तरी निरोप द्यायचा. कुणाला? एक म्हातारा होता, दोन वर्षांपासून आजारी. एक दारूडा होता. त्याची नजर माझ्यावर पण थांबली. त्याने मला तोंडावर सांगितलं हे, श्रावणात. "काका, तुमची पोर लहान होती म्हणून सोडलं." मी त्या वेळी काय करत होतो? उभा राहून बुंदीचा लाडू खात होतो. आपल्यावर कोणाची नजर आहे हे खाणाऱ्याला कुठे कळतं?

स्वतःचं नाव नाही आलं का त्याच्या मनात? मी विचारलं. तो म्हणाला, "आलं. पण मला जगायचं होतं."

तेवढ्यात सहदेव स्टेजवर चढला. डोळे ओले. कधी कुणाचं कौतुक केलं नाही त्या माणसाने, पण त्या रात्री चंदूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "आज तू माझ्या पुढे गेलास. तुझ्या बोटांना फार मारलं रे मी."

चंदूने त्याच्याकडे बघितलं. मग स्वतःच्या बोटांकडे.

"भाऊ," तो म्हणाला, "उशीर झालाय. तुम्ही निघा आता."

"अरे, मी कुठे निघतोय? पहाटेपर्यंत बसणार मी. तुझ्यासाठी एक..."

"उद्या द्या, भाऊ. उद्या. लग्नाला लवकर यायचंय ना? चला, मी सोडतो."

चालू गाणं लांबलचक होतं. ते तसंच ठेवून तो खाली उतरला. सहदेवला हाताला धरून मांडवाच्या दारात आणलं. ताटातली हळद घेऊन कपाळाला लावली. हातात नारळ दिला. वाकून पायांना हात लावला. सहदेव हुंदके द्यायला लागला. त्याला वाटलं, चेला मान देतोय.

"सुखाने जा, भाऊ."

हे मी बघितलं. मीच सहदेवची स्कूटर वळवून दारात आणलेली. मला वाटलं, वा, पोरगं काय गुणाचं आहे! सहदेव बसला. नारळ पुढच्या हुकाला अडकवलेल्या पिशवीत ठेवला. मी किक मारून दिली.

आणि स्कूटर मागून खाली बसली.

एकटा माणूस होता रे तो. मागची सीट रिकामी. पण चाक मडगार्डला घासेपर्यंत स्कूटर खाली बसली. सहदेवने गिअर टाकला. इंजिन रडल्यासारखं करायला लागलं. इंच इंच करत पुढे सरकली.

"काय रे, हवा कमी आहे का?" तो म्हणाला.

मी टायर दाबून बघितला. हवा टाइट होती.

मी बाजूला झालो. तो गेला. त्याचा लाल दिवा वळणापर्यंत दिसत होता. फार हळू गेला. मांडवात चंदू परत स्टेजवर चढला, गाणं संपायच्या आत दुसरं चढवलं. मागचे पाय गेलेले. डावा कान मोकळा. त्याने पहाटे चारपर्यंत वाजवलं. लोक म्हणाले, अशी हळद झाली नाही.

सहदेव शनिवारी सकाळी सापडला. मानपाड्याच्या पुढे, कंपन्यांच्या मागे मोकळं मैदान होतं तिथे. स्कूटर नीट स्टँडवर लावलेली. नारळ पिशवीत. तो बाजूला पडलेला. चपला कुठेच नव्हत्या. आणि तळपायांना कातडी उरलेली नव्हती. एका कंपनीच्या वॉचमनने सांगितलं, रात्रभर मैदानात कोणीतरी नाचत होतं. एकटंच. गाणं नव्हतं, बाजा नव्हता. दोनदा "बस करा, बस करा" असं ओरडल्याचं ऐकू आलं. दारूडा असेल म्हणून तो बघायला गेला नाही. डॉक्टरने हार्ट अटॅक लिहिलं.

बातमी रेतीबंदरला दुपारी आली. मनुबाईने लग्न थांबवलं नाही. चार वाजता हेमाला मांडवाच्या दारात निरोप दिला. चंदूनेच तिच्या कपाळाला हळद लावली. गाडी सुटली, हलकी फुलासारखी. आज तिला दोन नातवंडं आहेत. तिला यातलं काही माहीत नाही, आणि तुमच्यापैकी कोणी तिला सांगितलं तर माझ्याशी गाठ आहे.

श्रावणात सहदेवची बायको शालन चंदूकडे आली. स्कूटर विकायला काढली तेव्हा डिकीत एक पुडकं मिळालं म्हणाली. रंगीत कागदात बांधलेलं, वर सहदेवच्या अक्षरात "चंदूस". "तुझ्यावर फार जीव होता त्यांचा," म्हणाली आणि रडली. चंदू ते पुडकं घेऊन माझ्याकडे आला. एकट्याने उघडायची हिंमत नव्हती. तेव्हाच त्याने मला हे सगळं सांगितलं.

आत कॅसेट होती. लेबलवर लिहिलेलं, "जनाबाई, निरोप. गुढीपाडवा, ४ एप्रिल ९२."

अरे, म्हातारी स्वतः चालत मानपाड्याला गेलेली! हा उद्या-उद्या करत राहिला, म्हणून ती उस्तादाकडे गेली. आणि सहदेवने भरून ठेवलं. चेल्याला लगेच दिलं नाही. हळदीच्या रात्री भेट म्हणून द्यायचं होतं. म्हणजे ज्या वेळी चंदू त्याच्या कपाळाला हळद लावत होता, त्या वेळी निरोप दहा पावलांवर होता. डेकमध्ये घालायचा आणि दांडा चढवायचा, एवढंच काम होतं. चंदूने त्याला बोलू दिलं असतं तरी पुरे होतं.

आम्ही कॅसेट लावली. माझ्या घरी, दार लावून. आधी सहदेवचा आवाज, "हां जनाबाई, बोला." मग ती, "ही चंद्याच्या भनीचे हळदीला लाव. इसरू नको." मग थाप. आणि निरोप. चंदूच्या घरातली एकेक नावं घेऊन ती त्यांना परत धाडत होती. दामाजी, सुखान जा. भिवाजी, सुखान जा. चंदू जमिनीवर डोकं टेकून रडत होता. मी पण रडत होतो.

नावं संपली असं वाटलं. थाप चालू होती.

"सहदेवा... तू पन सुखान जा रे, बाला."

टेपवर सहदेव हसला. मोठ्याने, त्याच्या नेहमीच्या पद्धतीने. "अगो जनाबाय! मी आहे ना अजून! जिवंत माणसाला काय निरोप देतेस?"

ती हसली नाही. थाप पण थांबली नाही. तिने पुढची ओळ गायली.

"वाट लय लांब हाय... पाय जपून टाक..."

मग खट् झालं आणि कॅसेट संपली.